बोळाची बाजू

शहर सुधारायचं ठरलं की आपल्याकडे पहिला हात रुंदीला घातला जातो. रस्ता रुंद, चौक रुंद, पूल रुंद. रुंदी वाढली म्हणजे प्रगती झाली, हे समीकरण आता इतकं पक्कं बसलं आहे की त्याला पुरावा मागणारा माणूस विकासाचा शत्रू ठरतो. नगरसेवकाच्या कार्यअहवालात 'अमुक रस्त्याचं रुंदीकरण' हे कलम ठळक अक्षरांत असतं. 'अमुक बोळ होता तेवढाच अरुंद राखला' असं कलम कुणी छापत नाही, आणि त्यात त्या बिचाऱ्याचा दोषही नाही. न घडलेल्या गोष्टीचं उद्घाटन कसं करणार? नारळ कशावर फोडणार? त्यामुळे बोळाची बाजू मांडायला अधिकृत असं कुणी उरत नाही. ती इथे मांडायची आहे, आणि म्हणणं थोडक्यात असं, की पुण्याच्या पेठांमधले बोळ आणि मुंबईच्या गिरगाव-भुलेश्वराकडच्या गल्ल्या म्हणजे नगररचनाकारांच्या नजरेतून सुटलेली चूक नव्हे. शहर नावाची गोष्ट तयार होते ती तिथे. रस्त्यावरून तिची फक्त ने-आण होते.

आधी रुंदीचाच हिशोब बघू, कारण बोळावरचे बहुतेक आरोप तिथून निघतात. पेठेतल्या रस्त्याचं रुंदीकरण एका दिवसात होत नाही. विकास आराखड्यात एक रेषा आखली जाते, आणि ज्याचा वाडा आधी उतरवला जाईल त्याने नवी इमारत त्या रेषेच्या मागे बांधायची, असा मामला असतो. आता वाडा उतरणं हे विटांच्या वयापेक्षा मालक-भाडेकरूंच्या दाव्यावर जास्त अवलंबून. त्यामुळे एक इमारत मागे सरकते, तिच्या शेजारचा वाडा टेकू लावून, तारखांच्या आधारावर, होता तिथेच उभा राहतो, त्याच्या पुढची इमारत पुन्हा मागे. रस्त्याची कड दातेरी होते. दोन दातांमधल्या खाचेत संध्याकाळपर्यंत एक मोटार येऊन बसते, आणि ती हलली तर केवळ दुसरीला जागा करून देण्यासाठी हलते. म्हणजे रुंदीकरणातून मिळालेली जागा वाहनांना धावायला मिळत नाही, झोपायला मिळते. बोळात हा प्रकार संभवत नाही. तिथे मोटार मुळात शिरतच नाही, आणि दुचाकी कुणी आडवी लावली तर ती कुणाची, त्याचा मामा कुठे राहतो आणि तो मामाही आपली सायकल अशीच कशी लावायचा, हे पाच मिनिटांत जाहीर होतं. वाहतूक पोलिसाच्या पावतीवर रक्कम असते. बोळाच्या पावतीवर घराण्याचं नाव असतं. दुसरी पावती चुकवणं फार अवघड.

अरुंदपणा माणसाला काय काय करायला लावतो हे पाहायचं, तर सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास बोळात समोरासमोर आलेल्या दोन स्कूटर पाहाव्यात. रुंद रस्त्यावर दोन वाहनांचा परस्परसंबंध हॉर्नपुरता असतो. बोळात हॉर्नला अर्थ नाही, कारण समोरच्याने तो ऐकून जायचं कुठे? मग वाटाघाटी सुरू होतात, आणि त्यांचे नियम कुठेही लिहिलेले नसून सगळ्यांना पाठ असतात. ज्याच्या पाठीमागे बोळाचं तोंड जवळ, त्याने मागे जायचं. त्याच्या मागच्या सीटवर वयस्कर माणूस असेल तर हा नियम रद्द. ज्याच्या पायांमध्ये गॅसचं सिलिंडर आहे, त्याला मागे जा म्हणण्याची कुणाची टाप नाही. शाळेची वेळ होत आली असेल तर पोरं बसलेल्या गाडीला अग्रक्रम; पोरं परीक्षेला निघाली असतील तर 'आज पेपर कसला?' एवढं विचारून मग अग्रक्रम. दोघंही सारखेच हट्टी निघाले, तर ओट्यावर दात घासत उभा असलेला तिसरा गृहस्थ तोंडातला फेस न सांडता केवळ ब्रशच्या इशाऱ्याने निकाल देतो, आणि त्यावर अपील नसतं. निघताना दोघं काहीतरी पुटपुटतात. पण पुटपुटण्यासाठी का होईना, त्यांनी एकमेकांचे चेहरे पाहिलेले असतात. सिग्नलला रोज हँडलला हँडल लावून उभी राहणारी माणसं वर्षानुवर्षं एवढंही करत नाहीत.

हेच मोठ्या प्रमाणावर पाहायचं, तर बोळातून लोखंडी कपाट येताना पाहावं. ते वळणावर अडकणार हे विधिलिखित असतं. अडकलं की हमालांचा अधिकार संपतो आणि बोळाचा सुरू होतो. 'उभं करा', 'तिरकं घ्या', 'आधी त्याचे पाय काढा' अशा सूचना तीन मजल्यांवरून येऊ लागतात. ज्याच्या जिन्याचा कठडा आड येत असतो, तो स्वतःच पान्हा घेऊन खाली उतरतो. अखेर, समोरच्यांच्या घरातला शिसवी पलंग कसा आत गेला होता हे ज्यांना आठवतं अशा एखाद्या आजींच्या देखरेखीखाली, कपाट दोर लावून गॅलरीतून वर घेतलं जातं. त्याच वळणावरून तिरडीही न्यावी लागते. तेव्हा मात्र कुणी सूचना करत नाही; कुठल्या बाजूचा खांदा आधी खाली घ्यायचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. अशी माहिती रुंद रस्त्यावर जमा होत नाही, कारण तिथे तिची गरज पडत नाही. आणि शेजार म्हणजे तरी काय, परस्परांच्या अडचणींची साठत गेलेली माहितीच की.

बोळाच्या सुरक्षाव्यवस्थेबद्दलही बोललं पाहिजे, कारण ती फक्त दोन शब्दांची आहे. 'कोण पाहिजे?' हे दोन शब्द पुण्याच्या पेठेत कुठल्या सुरात उच्चारले जातात, हे ज्याने ऐकलं आहे त्याला सोसायटीच्या फाटकावरची नोंदवही हा पोरखेळ वाटेल. नोंदवहीत माणूस वाटेल ते नाव लिहितो, येण्याच्या कारणापुढे 'पर्सनल' लिहितो आणि आत जातो. 'कोण पाहिजे?'ला असं उत्तर चालत नाही. त्याला नाव सांगावं लागतं, मग 'ते कोणते? बँकेतले का शाळेतले?' हा उपप्रश्न येतो, आणि ज्या घरी जायचं त्या घरी कुणी आहे की नाही, नसल्यास कधी येतील आणि किल्ली कुणाकडे आहे, हे सगळं पाहुण्याला उंबरा गाठण्याआधीच समजतं. जेन जेकब्स या बाईंनी 1961 साली अमेरिकन शहरांवर एक पुस्तक लिहून नगररचनाकारांची झोप उडवली. रस्ता सुरक्षित राखतात ते पोलीस नव्हेत, तर खिडक्या-दारांतून त्याच्यावर असलेले लोकांचे डोळे, हा त्यातला एक गाजलेला सिद्धांत. न्यूयॉर्कच्या हडसन स्ट्रीटवर राहून, सकाळ-संध्याकाळचे व्यवहार बघून बाईंनी तो मांडला. शनिवार पेठेत राहिल्या असत्या तर सिद्धांत तोच निघाला असता; फक्त लिहायला वेळ मिळाला नसता, कारण दर दहा मिनिटांनी कुणीतरी 'काय लिहिताय एवढं?' म्हणून विचारून गेलं असतं.

पत्त्याचंही तसंच. मोबाईलमधला नकाशा बोळात शिरला की भांबावतो. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटत येणारे उपग्रहाचे संदेश त्याला धड पोचत नाहीत, आणि निळा ठिपका या घरातून त्या घरात उड्या मारू लागतो. 'उजवीकडे वळा,' असं तो म्हणतो आणि उजवीकडे कुणाचं तरी न्हाणीघर असतं. जेवणाचा डबा घेऊन आलेला तरुण मग नकाशा खिशात घालतो आणि पहिल्या दिसेल त्या माणसाला विचारतो. हे तंत्रज्ञानाचं अपयश आहे असं मी म्हणणार नाही. पण शहरात निदान एक जागा अशी उरली आहे जिथे पोचण्यासाठी माणसाशी बोलावं लागतं, ही गोष्ट मला नोंद घेण्यासारखी वाटते. सांगणाराही नुसतं 'तिसरं दार' म्हणून सोडत नाही, आत कुत्रा आहे पण तो चावत नाही, हेसुद्धा सांगतो.

कायदे कसे जन्माला येतात याचा अभ्यास करणाऱ्यांनी बोळातलं क्रिकेट पाहावं. वाव जेमतेम बॅट फिरवण्याएवढा, त्यातून दोन्ही बाजूंना काचा. तरीही खेळ होतो, कारण जागेने जे नाकारलं ते नियमांनी मिळवलेलं असतं. गोलंदाजी हात खाली ठेवूनच. एक टप्पा पडून झेल घेतला तर बाद. भिंतीला लागून आलेला चेंडू एका हाताने धरला तरच बाद. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गेला तर बाद, आणि ज्या घरातून चेंडू परत मिळत नाही त्या घरात गेला तर बाद, शिवाय नवीन चेंडूचे पैसेही त्याच फलंदाजाचे. यातलं प्रत्येक कलम कुठल्या ना कुठल्या फुटलेल्या काचेतून आलेलं आहे. न्यायशास्त्रात पूर्वनिर्णय म्हणतात तो हाच. मोठ्या मैदानावर वाढलेल्या मुलांना चौकार तडकावता येतो. बोळातल्या मुलांना दुसऱ्याच्या काचेचा विचार करून सरळ बॅटने खेळता येतं. भारतीय क्रिकेटला मुंबईकडून जी चिवट फलंदाजी मिळाली तिचं श्रेय बरेच लोक शिवाजी पार्कला देतात. ते शिवाजी पार्कला योग्यच आहे, पण त्यातला थोडा वाटा एखाद्या काचेच्या तावदानालाही द्यायला हरकत नसावी.

व्यापाऱ्यांना हे सगळं तत्त्वज्ञानाशिवाय समजलेलं आहे. पुण्यात विजेचं सामान घ्यायचं तर तपकीर गल्ली, लहानसहान संसाराच्या वस्तूंना तुळशीबाग. मुंबईत कापडाला मंगळदास आणि मूळजी जेठा मार्केटच्या आतल्या गल्ल्या, नकली दागिन्यांना भुलेश्वर. यातल्या एकाही ठिकाणी ऐसपैसपणा नाही, आणि एकाही ठिकाणी गिऱ्हाईक कमी नाही. कारण साधं आहे. अरुंद गल्लीत चालणाऱ्याला दोन्ही बाजूंची दुकानं एकाच वेळी हाताशी असतात. डावीकडच्याने भाव सांगितला की उजवीकडचा नुसता भुवया उंचावतो आणि घासाघीस तिथेच निम्मी होऊन जाते. रुंद रस्ता बाजाराचे दोन तुकडे करतो. पलीकडच्या दुकानात अधिक चांगला माल दिसला तरी मधली वाहनं पाहून गिऱ्हाईक आहे त्यातच समाधान मानतं. मॉलवाल्यांनी हे बरोबर हेरलं. बाहेर एकरभर पार्किंग ठेवून आत त्यांनी काय बांधलं? दोन्ही बाजूंना दुकानं असलेली, वाहनांना बंदी असलेली गल्लीच. फक्त तिला वातानुकूलन लावलं आणि 'कोण पाहिजे?' विचारणारा काढून टाकला.

एवढं ऐकल्यावर शहाणा वाचक प्लेगचं नाव काढणार, आणि काढावंच. 1896 साली मुंबईत मांडवी भागात प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात पोचला, आणि दाट, अंधाऱ्या वस्त्यांमध्ये माणसं पटापट मेली. त्यातून 1898 मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंडलेल्या वस्त्या फोडून समुद्रावरचा वारा शहराच्या पोटात न्यायचा, ही त्यामागची कल्पना. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्यासाठीच वस्त्या कापून काढले. गंमत अशी, की त्याच 1898 साली कराचीत पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे दाखवत होता. त्याचं म्हणणं मान्य व्हायला आणखी बरीच वर्षं गेली. तोवर पिसवांना वाऱ्याने घालवण्याचं काम जोरात चालू राहिलं. पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरं सुरुवातीच्या काळात फारच थोडी बांधली गेली, त्यामुळे उठवलेली माणसं शेजारच्या गल्ल्यांत दाटीवाटीने शिरली आणि जी गर्दी मोडायची होती ती पुढच्या वळणावर वाढली. पण एवढ्यावर हा आक्षेप उडवून लावणं लबाडीचं होईल. जिथे सूर्य पोचत नाही तिथे क्षय पोचतो, हे खोटं नाही. काळोख्या खोलीत आयुष्य काढलेल्या बाईला बोळाच्या सौंदर्यावरचा लेख वाचून दाखवणाऱ्याने तिचा लाटणं धरलेला हात आधी पाहावा. माझं उत्तर इतकंच, की खोलीतला अंधार आणि बोळाची रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका खोलीत नऊ माणसं राहतात याला गल्ली जबाबदार नसते. आणि एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी सहापदरी रस्त्याच्या कडेला उभं राहून बसची वाट पाहणाऱ्याला विचारा, शहरात सावली कुठे आहे. ती दोन भिंतींच्या मध्ये, बोळात आहे.

आगीचा बंब हा दुसरा आक्षेप, आणि तो पहिल्यापेक्षा भारी आहे. लाकडी जिने, कापडाची गोदामं, डोक्यावर लोंबणाऱ्या तारा आणि आत न शिरणारा बंब, यावर विनोद सुचत नाही आणि सुचू नये. पण पाहणी केली तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. बंब अडतो तो पुष्कळदा बोळाच्या तोंडाशी, आणि अडवणारी असते ती तिथे लावलेली मोटार. म्हणजे अपराध अरुंद भागाने नव्हे, रुंद भागाने केलेला असतो. उपाय तारा जमिनीखाली घालणं, बोळात जागोजागी पाण्याचे नळखांब बसवणं, गोदामं बाहेर काढणं आणि तोंड मोकळं ठेवणं, असे किरकोळ, कंटाळवाणे आणि नारळ न फोडता करायचे आहेत. म्हणूनच ते होत नाहीत.

तिसरा आक्षेप म्हणजे नजरेचा जाच. बोळात खासगी असं काही राहत नाही. कुणाकडे काय शिजतंय हे वासावरून, कुणाचं कुणाशी वाजलंय हे भांड्यांवरून, आणि कुणाची मुलगी कुणाबरोबर कोपऱ्यापर्यंत आली हे तर ती कोपऱ्यापर्यंत यायच्या आधीच कळतं. ज्या डोळ्यांची जेकब्स बाईंनी तारीफ केली, तेच डोळे पहारा ठेवतात आणि तेच पाळतही ठेवतात. तरुण मुलामुलींनी बोळ सोडून दूरच्या वसाहतीत फ्लॅट घेतला तो केवळ लिफ्टसाठी नव्हे. हे मान्य केलं पाहिजे. शेजाऱ्याने किती जवळ असावं हा प्रश्न फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातसुद्धा दोन घरांमध्ये किती अंतर सोडावं, पाणी कसं काढावं, यावर नियम आहेत. पेठेतले पन्हळीचे वाद ज्यांना माहीत आहेत, त्यांना ती सुनावणी अजून चालूच आहे असं वाटल्यास नवल नाही.

पण यापेक्षा गंभीर गोष्ट पुढे आहे, आणि ती पाहिली की बोळाचं कौतुक करणाऱ्याला आपलं विधान दुरुस्त करावं लागतं. मुंबईच्या जुन्या इमारतींच्या पाठीमागे घरगल्ली नावाची एक चिंचोळी फट असते. दोन इमारतींच्या पाठी एकमेकींना लावायच्या नाहीत, मध्ये थोडी जागा सोडायची, ती कशासाठी? जुन्या काळी टोपलीच्या संडासांमधला मैला उचलणाऱ्या माणसांनी मागच्या मागे यावं, मागच्या मागे जावं आणि घरातल्या कुणाला दिसू नये, यासाठी. पुढे ड्रेनेज आलं, पाइप आले, पण गल्लीचा धर्म बदलला नाही. आजही वरच्या मजल्यांवरून तिथे कचरा पडतो आणि तो काढायला माणूस उतरतो. रुंदीचा विचार केला तर ही घरगल्ली आणि समोरचा हसताबोलता बोळ यांत फारसा फरक नाही. अरुंदपणानेच माणूस माणसाळत असता, तर घरगल्ली हे शहरातलं सर्वांत सभ्य ठिकाण ठरलं असतं. ते सर्वांत निर्दय ठिकाण ठरलं, कारण तिच्यात एकही दार उघडत नाही. तिच्याकडे सगळ्यांची पाठ आहे. आणि दारांच्या बोळातसुद्धा कुठलं दार कुणासाठी उघडायचं हे आळ्यांनी जातीवर आणि धंद्यावर ठरवून टाकलेलं होतं, हेही विसरून चालणार नाही. 'कोण पाहिजे?' या प्रश्नाआड कित्येकदा 'कुठले तुम्ही?' हा प्रश्न दडलेला असे, आणि अजून असतो.

तेव्हा दुरुस्त विधान असं, की बोळ रुंदीने होत नाही, दारांनी होतो. हे एकदा ध्यानात आलं की बाकीच्या गोष्टी आपोआप जागेवर बसतात. मोहेंजोदडोतले मोठे रस्ते सरळ आणि प्रशस्त होते म्हणून शाळेत आपल्याला त्यांचं कौतुक शिकवलं जातं. पण तिथल्या घरांची दारं बहुतकरून त्या मोठ्या रस्त्यांवर उघडत नसत, आतल्या गल्ल्यांत उघडत. साडेचार हजार वर्षांपूर्वी ज्यांना रुंद रस्ते बांधता येत होते, त्यांनी ते बैलगाड्यांना दिले आणि स्वतः बोळात राहिले. अहमदाबादच्या पोळी, म्हणजे फाटक, आत वळत जाणारी गल्ली आणि तिच्यात समोरासमोर उघडणारी दारं. 2017 साली युनेस्कोने ते जुनं शहर जागतिक वारशाच्या यादीत घातलं आणि असा मान मिळवणारं ते भारतातलं पहिलं शहर ठरलं. तिकडे जर्मनीत रॉयटलिंगन गावात जगातली सर्वांत अरुंद म्हणून गाजलेली गल्ली आहे. 1726 मध्ये गाव जळालं, पुनर्बांधणीत दोन घरांच्या मध्ये ही फट राहिली, आणि तिची सर्वांत कमी रुंदी 31 सेंटिमीटर आहे. शाळेतली फूटपट्टी आडवी धरली तर जेमतेम अर्धा सेंटिमीटर उरतो. तिथे दार कोण उघडणार? त्यामुळे जगभरातून माणसं येतात, अंग चोरून आत शिरतात, फोटो काढतात आणि जातात. विक्रम रॉयटलिंगनचा, पण त्या गल्लीत वाटीभर साखर मागायला कुणी कुणाकडे गेलेलं नाही. सिनेमातला गुंड ज्या बोळात नायिकेचा पाठलाग करतो, तोही नीट पाहिला तर बिनदारांचाच असतो. पुण्याच्या मेहुणपुऱ्यात ते दृश्य चित्रित करायचं म्हटलं असतं तर गुंडाला पहिल्याच दारापाशी 'काय हवंय?' आणि नायिकेला 'पाणी हवंय?' असं विचारून कथानक तिथेच संपवलं गेलं असतं.

आता नवी इमारत बांधताना आपण काय करतो पाहा. चारी बाजूंनी कायद्याने सक्तीची मोकळी जागा सोडतो. तिला बिल्डरपासून वॉचमनपर्यंत सगळे 'साइड मार्जिन' म्हणतात. दोन इमारतींच्या मार्जिन एकत्र केल्या, मधली भिंत काढली, तर छान ऐसपैस बोळ होईल. पण तिच्याकडे एकही दार नसतं. संडासाच्या लहान खिडक्या, वातानुकूलन यंत्रांचे डबे, पाण्याच्या टाकीचं झाकण आणि परदेशी गेलेल्या कुणाची तरी चाकातली हवा गेलेली मोटरसायकल, एवढीच तिची वस्ती. म्हणजे लाखो रुपये चौरस मीटरच्या भावाने जमीन घेऊन, शहरभर, प्रत्येक इमारतीभोवती, आपण नव्याने घरगल्ल्याच बांधत सुटलो आहोत, फक्त जास्त रुंद आणि फरश्या घातलेल्या. तळमजल्यावरच्या फ्लॅटला त्या बाजूने एक दार काढू द्या, दोन कट्टे बांधा, मधल्या भिंतीला एक फाटक ठेवा, अशी सूचना एखाद्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मांडून पाहावी. पहिला आक्षेप येईल तो पार्किंगचा. दुसरा, पोरं खेळतील आणि आवाज होईल, हा. तिसरा, शेजारच्या इमारतीतले लोक इकडे येऊ लागतील, हा. मग ठराव 'पुढील सभेत विचारार्थ' ठेवला जाईल, चहा येईल, आणि कपबशा हातात आल्यावर सभासद सभागृहातून बाहेर पडून जिन्याखालच्या त्या अरुंद जागेत दाटीवाटीने उभे राहून तासभर गप्पा मारतील, कारण सबंध इमारतीत एकमेकांना चुकवता येणार नाही अशी तेवढी एकच जागा आर्किटेक्टच्या हातून राहून गेलेली असते.